चारशे बारा जबडे आणि एक जादा ओळ

दिवेबाईंचं आडनाव दिवे नव्हतं. दंत महाविद्यालयातल्या निम्म्या लोकांना मात्र तसंच वाटायचं, आणि हजेरीपटावर त्यांचं खरं नाव दिसलं की नवा कारकून हटकून विचारायचा, ही बाई कोण, हिला कधी पाहिलं नाही. नाव पडलं होतं ते सवयीवरून. तळघरातल्या सर्व्हरच्या खोलीत दोन उंच लोखंडी कपाटं होती, त्यांत चोवीस डिस्क, आणि प्रत्येक डिस्कच्या तोंडाशी डाळीच्या दाण्याएवढा एक दिवा. दिवा हिरवा म्हणजे डिस्क ठणठणीत, नारिंगी म्हणजे आजारी, तांबडा म्हणजे गेली. बाई रोज सकाळी आल्या की खांद्यावरची पर्सही न उतरवता चष्मा कपाळावर चढवून चोवीस दिवे मोजायच्या, आणि मगच जिना चढून सही करायला जायच्या. त्यामुळे वीस वर्षं त्यांच्या सहीसमोर रोज पाच मिनिटांचा उशीर लागत आला आणि त्यांनी त्याची कधी पर्वा केली नाही.

मुळात त्या टंकलेखनासाठी लागलेल्या. कॉलेजात पहिला संगणक आला तेव्हा सगळे त्याच्यापासून चार हात लांब उभे राहिले, आणि त्या वेळच्या अधीक्षकांनी "तुमची बोटं चालतात ना बाई, मग हेही चालवा," असं म्हणून ते यंत्र त्यांच्या गळ्यात घातलं. एकाचे दहा झाले, दहांचं तळघर झालं, आणि बाई त्या तळघराच्या मालकीण झाल्या. शिकवलं कोणी नाही. पुस्तकं वाचून, यंत्रं उघडून, चुकतमाकत शिकल्या. बोलायला फटकळ. एका प्राध्यापकांनी एकदा सर्व्हरच्या प्लगात चहाची किटली लावली, तर बाईंनी त्यांना विद्यार्थ्यांसमोर असं झाडलं की ते गृहस्थ निवृत्त होईपर्यंत पुन्हा तळघराचा जिना उतरले नाहीत. पण शब्दाला पक्क्या. बाई "होईल" म्हणाल्या की लोक ते काम झालं असं समजून घरी जायचे.

या शब्दावरच एक माणूस विसंबला. तो म्हणजे सर.

सरांनी तीस वर्षांपूर्वी एक उद्योग सुरू केला होता. सहा वर्षांची सहाशे मुलं गोळा करायची, प्रत्येकाच्या तोंडात गोडसर चिकट लगदा भरून दातांचा ठसा घ्यायचा, त्यावरून प्लास्टरचा जबडा पाडायचा, आणि हेच दर वर्षी, त्याच मुलांचं, ती अठ्ठावीस वर्षांची होईपर्यंत करायचं. माणसाचा जबडा कसा वाढतो, दात कुठून कुठे सरकतात, हे एवढ्या चिकाटीनं तोवर त्या कॉलेजात कोणी पाहिलं नव्हतं. सहाशेपैकी चारशे बारा शेवटपर्यंत टिकली. सरांना त्यांचे चेहरे आठवत नसत. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर सर नुसते बघत राहायचे, आणि समोरचा हसला की लगेच, "अरे, एकशे अठरा! वरचा सुळा बसला का जागेवर?" दिवेबाईंची मुलगी त्यांतलीच, क्रमांक दोनशे सात. घरात लग्न असो की परीक्षा, सरांचा दिवस तिनं कधी चुकवला नाही, कारण आईनं चुकवू दिला नाही.

तेवीस वर्षांचे साडेनऊ हजार जबडे मागच्या इमारतीत दोन खोल्या भरून ठेवले होते. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर क्रमांक, आत पांढरे दात. झाडूवाली त्या खोल्यांत एकटी जायला तयार नसे. मग ती इमारत पाडायची ठरली. त्याआधी दोन वर्षं खपून प्रत्येक जबड्याचं सगळ्या बाजूंनी चित्र घेऊन ते सर्व्हरवर ठेवलं गेलं, आणि प्राचार्यांनी सरांना निरोप धाडला की आता प्लास्टर टाकून द्या.

सर तळघरात आले. तेव्हा ते सत्तरीचे, कधीच निवृत्त झालेले, पण रोज येणारे. उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा. टाकू का?"

"चित्रं सगळी नीट उघडतात ना, सर?"

"उघडतात. सगळी पाहिली. पण प्लास्टर हातात धरता येतं हो."

"प्लास्टर फुटतं, सर. भिंतीला ओल आली तर त्याचा चुना होतो. इथे एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून सगळं परत उभं राहतं. तुम्ही निर्धास्त टाका. माझी जबाबदारी."

सरांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दोन ट्रक भरून दात गेले. बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांना आपल्या शब्दाचं थोडं ओझंही वाटलं, थोडा अभिमानही वाटला.

बाई खोटं बोलल्या नव्हत्या. सरांचं सगळं काम आठ डिस्कच्या एका संचावर होतं. आठांतली एक गेली तर उरलेल्या सातांवरून तिच्यातलं सगळं पुन्हा भरून काढता येई. फक्त दुसरी जायच्या आत पहिली बदलली पाहिजे. दुसरी गेली की खेळ खलास. याशिवाय फितीवर एक वेगळी प्रत असे, पण फितीचं यंत्र मोडलं आणि नवं आलंच नाही. बाईंनी तीनदा अर्ज केला. तिसरा अर्ज "आवश्यकता पटवून द्यावी" असा शेरा घेऊन परत आला. त्यांनी चार पानं भरून आवश्यकता पटवून दिली. ती बहुधा कोणाला पटली नाही. मग सरांच्या तीस वर्षांना राखण उरली ती एकच, पहिली डिस्क गेल्याची खबर वेळेत लागणं.

ती खबर देणारा एक छोटा प्रोग्राम होता. तो लिहिला होता बुवांनी. बुवा म्हणजे बाईंचे सहकारी, छातीपर्यंत दाढी आणि बोलण्याची कमालीची काटकसर. त्यांचा प्रोग्राम दर तासाला सगळ्या डिस्कची नाडी बघायचा आणि एक ओळ लिहायचा: सर्व डिस्क ठीक. नाहीतर: धोका, डिस्क अमुक. पण या ओळीच्या आधी आणखी एक ओळ यायची: "इथपर्यंत आलो." प्रोग्राम लिहिताना तो कुठे अडकतो हे कळावं म्हणून लोक मध्ये मध्ये असलं काहीतरी छापून बघतात आणि काम झालं की खोडून टाकतात. बुवा खोडायला विसरले. मग ते निवृत्त होऊन परदेशी मुलाकडे गेले, आणि दर तासाला, वर्षानुवर्षं, त्यांचा प्रोग्राम आधी "इथपर्यंत आलो" म्हणायचा आणि मग कामाचं बोलायचा.

चार वर्षांपूर्वी वरून हुकूम आला की शहरातल्या सगळ्या संस्थांचे सर्व्हर एकाच केंद्रात हलवायचे. दिवेबाईंची कपाटं शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली, कुलपाआड, परवानगीशिवाय आत पाऊल टाकायला बंदी. तिथे भिंतभर मोठा बोर्ड होता, प्रत्येक संस्थेचा एक चौकोन, हिरवा किंवा पिवळा किंवा लाल, आणि बोर्डासमोर पाळ्यांनी बसणारी माणसं. हलवाहलवीच्या दुसऱ्याच दिवशी तिथल्या एका बोर्डवाल्याचा फोन आला.

"बाई, तुमच्या रिपोर्टची पहिली ओळ काहीतरी भलतीच येते. इथपर्यंत आलो, म्हणे. बोर्डाला त्याचा अर्थ लागत नाही, तो पिवळा होऊन बसतो."

बाई तेव्हा रिकाम्या तळघरात केबलींचा भारा काखेत धरून, उरलेल्या सामानाची यादी टिपत होत्या. "अहो, ते बुवांचं जुनं आहे. बघते कधीतरी."

"तुम्ही नका त्रास घेऊ. मी इथेच बोर्डाला सांगून ठेवतो, दंत कॉलेजची पहिली ओळ गाळायची. चालेल ना?"

"चालेल, चालेल."

तो बोर्डवाला भला माणूस होता. त्यानं सांगितल्याप्रमाणे केलं, चौकोन हिरवा झाला, आणि वर्षभरात तो दुसरी नोकरी धरून निघून गेला. बाईंच्या हातून केबलींचा भारा खाली पडला, यादी चुकली, त्या नव्यानं मोजायला लागल्या, आणि तो फोन त्यांच्या डोक्यातून साफ उतरला. इतका की पुढे चार वर्षांत त्यांना एकदाही त्याची आठवण झाली नाही.

दिवे गेले आणि बाईंचं काम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. त्या वरच्या मजल्यावर एका टेबलाशी बसायच्या आणि दूरच्या यंत्रांशी पडद्यावरून बोलायच्या. सकाळी येऊन मोजायला काही नव्हतं. सही वेळेवर पडायला लागली.

निवृत्तीला दहा महिने उरले असताना विभागाला नवे साहेब आले. वयानं बाईंच्या मुलीएवढे, हसतमुख. "डिस्कवर लक्ष कसं ठेवता, दाखवा तरी," म्हणाले. बाईंनी आपल्या टेबलावर प्रोग्राम चालवून दाखवला. पडद्यावर आलं: इथपर्यंत आलो. सर्व डिस्क ठीक.

साहेब खदखदून हसले. "कोण आलं, बाई? कुठपर्यंत?"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण बाईंच्या ते जिव्हारी लागलं. चौतीस वर्षं नोकरी, आणि मागे काय ठेवणार तर दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्राम, तोही असा शेंबडा. त्यांनी आयुष्यभर यंत्रं सांभाळली होती, पण प्रोग्राम लिहिणं हा बुवांचा प्रांत मानून त्यात कधी हात घातला नव्हता. आता घालायचा असं त्यांनी ठरवलं. ग्रंथालयातून एक जाड पुस्तक आणलं आणि सत्तावन्नाव्या वर्षी पेन्सिलीनं खुणा करत वाचायला बसल्या.

ती एक ओळ काढायला चार दुपारी गेल्या. "इथपर्यंत आलो" हे शब्द प्रोग्रामात शोधले तर सापडेनात. बुवांनी ते वेगळ्याच फाइलीत ठेवले होते आणि तिथून हाक मारून आणत होते. दुसऱ्या दुपारी ती फाइल सापडली. तिच्यात आणखी तीन ओळी निघाल्या, "अजून जिवंत", "हे काय आता" आणि "पुरे", छापल्या जाऊ नयेत म्हणून बुवांनी स्वतःच झोपवून ठेवलेल्या. एवढी वर्षं शेजारी बसून बुवा जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या फाइलीत बोलले होते. बाईंना हसू आलं आणि बुवांची आठवणही आली.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, नजर बारीक आणि जीभ तिखट. "एका ओळीसाठी चार दुपारी? अगं, तेवढ्यात मी चाळीस चष्मे काढतो."

"अहो, तुमची काच चुकली तर माणूस परत येऊन भांडतो. माझं चुकलं तर कोणाला कळतसुद्धा नाही."

"मग चुकू नकोस," तो म्हणाला आणि पेपर वाचायला लागला.

आणि त्या चुकल्या नाहीत, हे इथे मुद्दाम सांगितलं पाहिजे. चौथ्या दुपारी त्यांनी ओळ काढली. प्रोग्राम चालवला. पडद्यावर एकच स्वच्छ ओळ आली: सर्व डिस्क ठीक. मग आपल्या टेबलावर एक डिस्क मेल्याचं खोटंच नाटक करून पाहिलं. ओळ आली: धोका, डिस्क तीन. बरोब्बर. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा बरोबर. मग तो केंद्रातल्या यंत्रावर चढवला आणि बोर्डवाल्यांना फोन करून विचारलं, आमचा चौकोन कसा दिसतो? "हिरवा आहे बाई, झकास." बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी त्यांनी कँटीनमध्ये एकटीनं बसून चहा घेतला आणि मुलीला फोन करून सांगितलं की आज मी आयुष्यातला पहिला प्रोग्राम दुरुस्त केला.

केंद्रातला बोर्ड मात्र अजून पहिली ओळ गाळतच होता. आता पहिली ओळ हीच एकमेव ओळ होती. ती गाळली की काही उरत नसे, आणि काही उरलं नाही याचा अर्थ बोर्डाच्या लेखी तक्रार नाही असा होता.

एकोणीस दिवसांनी डिस्क तीन गेली. प्रोग्रामनं दर तासाला इमानेइतबारे लिहिलं: धोका, डिस्क तीन. दिवसातून चोवीस वेळा. चौकोन हिरवा. पुढे सव्वीस दिवसांनी डिस्क सहा गेली.

सरांचा फोन सकाळी अकराला आला. ते घरी बसून पुस्तक लिहीत होते, तीस वर्षांचं सार, शेवटून दुसरं प्रकरण. "बाई, सकाळपासून एकही जबडा उघडत नाहीये. माझ्याच यंत्राचं काही बिनसलं असेल. तुम्ही जरा बघता का?"

"बघते, सर."

बाईंनी पाहिलं आणि तशाच उठल्या. दोन बस बदलून त्या केंद्रात पोचल्या. पहारेकऱ्यानं परवानगीचा कागद मागितला, तर त्याला अशा काही बोलल्या की तो बाजूला झाला. आत भिंतीवर दंत महाविद्यालयाचा चौकोन हिरवागार होता. काचेपलीकडे कपाटात दोन तांबडे दिवे होते. चार वर्षांत बाई पहिल्यांदा ते दिवे पाहत होत्या.

नव्या बोर्डवाल्यालाही काही कळेना. त्यानं बोर्डाच्या सूचना उघडल्या आणि खाली खाली जात एका ओळीवर थांबला. "बाई, हे बघा. दंत महाविद्यालय, पहिली ओळ गाळणे, बाईंच्या संमतीने. खाली तारीख आहे."

तारीख वाचताच त्यांना सगळं आठवलं. केबलींचा भारा, काखेतली कळ, आणि स्वतःचा आवाज, चालेल, चालेल. त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. बोर्डवाल्यानं पाणी आणलं, ते त्यांनी हातात नुसतं धरून ठेवलं.

दोन्ही डिस्क जाणकारांकडे पाठवल्या. सात आठवड्यांनी उत्तर आलं की वाचण्यासारखं काही उरलेलं नाही. नमुन्यादाखल दोन चित्रं जोडली होती. एकात अर्धा जबडा होता आणि त्याखाली नुसती करडी पट्टी. दुसऱ्यात तेवढंही नव्हतं.

चौकशी बसली, तीन जणांची. बाईंनी काही लपवलं नाही. ओळ मी काढली, गाळायला मीच हो म्हटलं होतं आणि विसरले, चूक माझी. एका सदस्यानं चष्मा पुसत विचारलं, "पण बाई, ओळ काढली म्हणून डिस्क कशी बिघडेल?" बाईंनी समजावलं. त्यानं पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा समजावून त्यांनी हात टेकले. अहवालात "तांत्रिक बिघाड" एवढंच आलं. नवे साहेब त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "निवृत्तीला थोडे महिने राहिलेत, बाई. कशाला अंगावर ओढून घेता? आणि तुम्ही केलं ते योग्यच होतं. ती ओळ कधीतरी काढायलाच हवी होती." बाईंना वाटलं, त्यापेक्षा यानं चार लोकांत झाडलं असतं तर बरं झालं असतं. ज्या माणसानं झाडायला हवं त्याच्याकडे अजून जायचं होतं.

सर तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे. दार त्यांनीच उघडलं. टेबलावर पुस्तकाचे कागद होते, वर एक जड भिंग ठेवलेलं. बाई बसल्या नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं, ओळ, बोर्ड, फोन, तारखा. सर लक्ष देऊन ऐकत होते. चौकशीतल्या तिघांना तीनदा सांगून जे कळलं नव्हतं ते सरांना एकदाच कळलं.

"म्हणजे धोका आहे हे ते सांगत होतं," ते म्हणाले, "आणि तेवढंच गाळलं जात होतं."

"हो सर."

"किती दिवस?"

"सव्वीस."

सरांनी कागदांवरचं भिंग उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मला प्लास्टर टाकायचं नव्हतं, बाई."

बाईंना रडू फुटलं. सरांनी त्यांना रडू दिलं, समजूत घातली नाही. पुस्तकाचं काय करणार, असं बाईंनी शेवटी विचारलं. सर म्हणाले, आकडे आहेत, पण ते ज्याच्यावरून काढले तेच नाही, मग कोणी का मानावेत? मी तरी दुसऱ्याचे मानले नसते. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं.

मग सरांनी कपाटातून एक वही काढली. चारशे बारा नावं, समोर फोन. "यांना कळवलं पाहिजे," ते म्हणाले. "तेवीस वर्षं ही मंडळी येत राहिली. तुमच्यावरून पुस्तक होईल, असं मी त्यांना सांगितलं होतं. सम क्रमांक मी करतो, विषम तुम्ही करा."

त्या रविवारपासून दर रविवारी सकाळी बाई सरांकडे जायला लागल्या. टेबलाच्या दोन बाजूंना दोघं, दोघांसमोर फोन. काय बोलायचं ते सरांनी चार वाक्यांत लिहून दिलं होतं. पहिलं ओळखीचं. दुसरं, आपल्या दातांची सर्व चित्रं नष्ट झाली आहेत. तिसरं, हे माझ्या निष्काळजीपणामुळे झालं. चौथं, क्षमा असावी. बाईंना तिसऱ्या वाक्यात "माझ्या"ऐवजी "सरांच्या" असं म्हणावं लागे.

किती तरी नंबर बंद होते. लागले त्यांतल्या बऱ्याच जणांना आठवतच नव्हतं. "कसले दात?" असं विचारायचे. एकानं कवळी विकणारी समजून फोन आपटला. एक बाई हसत सुटली, तो गोड लगदा अजून जिभेवर आहे म्हणाली, आणि चित्रं गेली हे सांगितल्यावर, "जाऊ द्या हो, त्यात काय," म्हणाली. जवळपास सगळे तेच म्हणायचे. जाऊ द्या. बाई वहीत खूण करायच्या. सरांनी ज्यांच्यासाठी झोप उडवून घेतली होती त्यांना काही हरवल्याचं वाटतच नव्हतं, आणि हे सरांच्या कानावर पडू नये म्हणून बाई हळूच बोलायच्या. पण पलीकडे सरांनाही तीच उत्तरं मिळत होती.

क्रमांक एकशे एकाहत्तरचा फोन त्याच्या बहिणीनं उचलला. "तो गेला हो, दोन वर्षं झाली," ती म्हणाली. आणि लगेच तीच घाईघाईनं म्हणाली, "त्याच्या दातांचं काही आहे का तुमच्याकडे? तो नेहमी सांगायचा, माझे लहानपणापासूनचे दात कॉलेजात ठेवलेत म्हणून. आम्हाला बघता येईल का?"

बाईंनी चारही वाक्यं तिला वाचून दाखवली. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला तरी त्या कानाला लावून बसल्या होत्या.

"सर," त्या म्हणाल्या, "तिसरं वाक्य बदला. चूक माझी आहे. माझं नाव घ्या. मला हे तुमच्या नावावर घालता येत नाही."

सरांनी चष्मा काढला. "ते तुम्हाला ओळखत नाहीत, बाई. त्यांनी तोंड माझ्यापुढे उघडलं होतं."

बाईंनी वही पुढे ओढली. पुढच्या दोन रविवारी बाई दोनशेपर्यंत पोचल्या. दोनशे एक बंद. दोनशे तीन, जाऊ द्या. दोनशे पाच, कसले दात. पुढच्या नंबरासाठी वहीत बघायची गरज नव्हती. सरांच्याही ते लक्षात आलं.

"हा राहू द्या," ते म्हणाले. "घरी गेल्यावर बोला."

"नको सर. क्रमानं घेऊ."

मुलीनं पहिल्याच रिंगला उचलला. "आई? काय गं, बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. मी सरांच्या घरून बोलतेय. कामाचा फोन आहे, नीट ऐक." बाईंनी कागद समोर धरला. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्याशी थांबल्या. ही एकटी त्यांना ओळखत होती. तिला त्यांनी तिसरं वाक्य स्वतःच्या नावानं सांगितलं.

मुलीला आईनं पहिला प्रोग्राम दुरुस्त केल्याचा फोन आठवत असावा, कारण तिनं कसं झालं ते विचारलंच नाही.

"म्हणजे मी तेवीस वर्षं तिथे तोंड उघडून बसत होते," ती हळूच म्हणाली, "ते..."

"उगाच," दिवेबाई म्हणाल्या.